एक मुलूख, पाच अंमल



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय दिला तो असा : 'एकाच प्रदेशातील देशांच्या राज्यपद्धती आणि त्यांची तुलना'. विषय मोठा आणि आमची शिदोरी लहान. कॉलेजचे तोंड आम्ही पाहिलेले नाही. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि लोकलच्या डब्यात. असा विषय निघाला म्हणजे विद्वान वक्ते श्रोत्यांना इंग्लंड, फ्रान्स, स्वित्झर्लंड असे फिरवून आणतात. आम्ही इतके लांब जाणार नाही. आपल्या मराठी मुलखातच १९३९-४० च्या सुमारास पाच तऱ्हेचे अंमल एकमेकांना खेटून चालू होते. त्यांचीच तुलना आज करावी असे आम्ही योजले आहे.

नाहूर, भांडुप, मुलुंड हा पट्टा कारखान्यांनी वाढवला. पुढे तो मुंबई महापालिकेच्या हद्दीत आला. येथे कामाला आलेली माणसे साताऱ्याची, कोल्हापूरची, आटपाडीची, बीड-उस्मानाबादची, काही गोव्याकडचीही. आपणांपैकी पुष्कळांचे आजे-पणजे भाषा एकच बोलत होते, पण प्रजा मात्र निरनिराळ्या सरकारांची होते. साताऱ्याचा माणूस इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातला, कोल्हापूरचा छत्रपतींच्या संस्थानातला, आटपाडीचा औंधच्या पंतप्रतिनिधींचा, बीडचा निजामाचा आणि पेडण्या-डिचोलीचा पोर्तुगीजांचा.

तुलना करायची तर मोजपट्टी पाहिजे. आम्ही युनियनवाले नव्या कारखान्यात गेलो म्हणजे मालक देवमाणूस आहे की कसा, हे आधी विचारीत नाही. चार गोष्टी विचारतो. येथे परवानगीशिवाय चार माणसे जमू शकतात काय? हिशेब पाहायला मिळतो काय? हुकूम निघतो तो कामगाराला समजेल अशा भाषेत निघतो काय? आणि कारभारी वाईट निघाला तर त्याला बदलण्याची काही सोय आहे काय? ह्याच चार प्रश्नांनी आपण पाचही अंमल तपासू.

प्रथम इंग्रजी मुलूख. १९३५ च्या कायद्यान्वये १९३७ साली निवडणुका झाल्या आणि मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. मत कोणाला? मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींतून जो पार पडेल त्याला. सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात असे मतदार सुमारे ३ कोटी निघाले, म्हणजे लोकसंख्येच्या साधारण नवव्या हिश्शाएवढे. पण एक गोष्ट इंग्रजी मुलखात होती. १९२६ च्या कायद्याने कामगार संघटना नोंदवता येत होती आणि अंदाजपत्रकावर कायदेमंडळात उघड चर्चा होत होती. पुढे १९३८ साली ह्याच लोकनियुक्त मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे बिल आणले. समेटाची लांबलचक कार्यपद्धती पुरी होण्याआधी केलेला संप त्याने बेकायदा ठरत होता. डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात त्याला कडाडून विरोध केला. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, अशी त्यांची मांडणी होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट ह्यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. पोलिसांनी गोळीबारही केला. निवडून आलेले सरकार म्हणजे आपले सरकार, इतके हे गणित सोपे नसते. आणि १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला तेव्हा ९३ व्या कलमाखाली सगळी सत्ता गव्हर्नरच्या हाती गेली, ती १९४६ पर्यंत. चाव्या शेवटी कोणाच्या कमरेला होत्या, ते त्या दिवशी कळले.

दुसरे कोल्हापूर. शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ च्या हुकमाने सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. स्वतः महाराज त्या वेळी विलायतेत होते. पुढे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आले, राधानगरीचे धरण सुरू झाले, कुलकर्णी वतने गेली. ज्या काळी शेजारच्या इंग्रजी मुलखात असे काही करण्याची कोणाची छाती नव्हती, त्या काळी हे झाले. त्याचे ऋण आम्ही मानतो. पण आमचे चार प्रश्न महाराजांच्या राज्यालाही विचारलेच पाहिजेत. ते हुकूम प्रजेने निवडलेल्या सभेने केले नव्हते; राजाच्या मनात आले म्हणून झाले. १९२२ साली महाराज गेले आणि मनही त्यांच्याबरोबर गेले. १९३९ साली माधवराव बागलांनी प्रजा परिषद उभी करून जबाबदार राज्यपद्धती मागितली, तेव्हा शाहूंच्याच गादीने त्यांना तुरुंग दाखवला. चांगल्या राजाने दिलेले दान आणि प्रजेचा हक्क ह्यांतले अंतर ह्याहून स्पष्ट कोठे दिसणार?

तिसरे औंध. हे एवढेसे संस्थान, ७२ गावांचे, वस्ती पाऊण लाखाच्या आसपास आणि मुलूख तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे आणि चित्रकलेचे भोक्ते. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडचे इंजिनियर मॉरिस फ्रीडमन ह्यांनी गांधीजींचा सल्ला घेऊन एक घटना तयार केली आणि जानेवारी १९३९ मध्ये राजेसाहेबांनी ती लागू केली. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुका समित्या आणि त्यांतून संस्थानची सभा. वसुलाचा मोठा वाटा गावाकडे राहायचा. गावचे तंटे पंचायतीने तोडायचे. राजाच्या खासगी खर्चाला मर्यादा. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. व्ही. शांताराम ह्यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्या प्रयोगावरून सुचलेला. त्याचे लेखक ग. दि. माडगूळकर औंध संस्थानातच वाढलेले. आमच्या धंद्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट : लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना घातला तो ह्याच संस्थानच्या माळावर. हिशेब आणि भाषा ह्या दोन प्रश्नांना औंधचे उत्तर पाचांत उत्तम होते, कारण हिशेब गावच्या चावडीत होता आणि तो मराठीत होता. उणीव एकच. देणारा राजा होता, आणि राज्य एवढे लहान की बाहेरचे वारे त्याला थोपवता येणारे नव्हते. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्या घटनेचाही अंमल संपला.

चौथे निजामाचे राज्य. मराठवाड्याचे त्या वेळचे पाच जिल्हे त्यात होते. सभा भरवायची तर आधी परवानगी. तिथल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी 'गश्ती ५३' हा शब्द असे, तो ह्याच बंदीचा हुकूम. सर्फेखास म्हणून जो मुलूख होता त्याचे उत्पन्न थेट निजामाच्या खासगीत जाई, शिवाय जहागीरदार वेगळे. दरबारची आणि कोर्टाची भाषा उर्दू, ती मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य शेतकऱ्यांना परकी. १९३८ साली स्टेट काँग्रेस धड स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. तिचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ. संन्यास घेण्यापूर्वी त्यांनी ना. म. जोशींच्या हाताखाली कामगार चळवळीत काम केले होते, हे आम्ही अभिमानाने सांगतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारताचे सैन्य शिरले आणि १७ तारखेला तो अंमल संपला.

पाचवे गोवे. तेथे सालाझार ह्यांचा कारभार. हे गृहस्थ मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि जमाखर्चाचे पक्के. पण तो जमाखर्च जाब विचारून तपासण्याचा अधिकार प्रजेला नव्हता. वर्तमानपत्रांवर आधी तपासणी, सभेला आधी परवानगी. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावला ती बंदी मोडली म्हणून त्यांना अटक झाली. एका सभेत बोलण्यासाठी जेथे सत्याग्रह करावा लागतो, त्या राज्याचे वर्णन करायला ग्रंथ लागत नाही. हा अंमल १९ डिसेंबर १९६१ पर्यंत चालला.

आता निजामाचे आणि सालाझारचे एका बाबतीत कसे जुळले ते पाहा. निजाम सरकारने १९३९ साली सुधारणा जाहीर केल्या त्या अशा की, प्रतिनिधी गावाने किंवा जिल्ह्याने न निवडता धंद्यांनी निवडावे : जमीनदार, कुळे, व्यापारी, वकील, कामगार. मंत्री मात्र निजामालाच जबाबदार. पोर्तुगालनेही १९३३ साली धंदेवार मंडळांचीच योजना केली; कामगारांसाठी सरकारमान्य राष्ट्रीय संघ काढले आणि संपावर बंदी घातली. कामगारांना खास जागा देतो म्हटल्यावर आम्ही खरे तर हुरळून जायचे. पण जेथे सभा स्वतंत्र नाही तेथे कामगारांचा प्रतिनिधी कामगारांकडून येत नाही, कचेरीतून येतो. पुढे नेपाळात तेच झाले. राजे महेंद्र ह्यांनी १९६० साली कोइरालांचे निवडून आलेले सरकार बडतर्फ केले आणि पक्षांवर बंदी घालून 'पंचायत' पद्धत आणली. तिच्यात शेतकरी, मजूर, स्त्रिया, तरुण ह्यांच्या वर्गीय संघटना होत्या. १९९० पर्यंत ती चालली. शब्द औंधचाच, पंचायत. पण औंधात ती राजाचे अधिकार खाली आणण्यासाठी होती आणि तेथे लोकांचे अधिकार वर नेण्यासाठी. म्हणून आम्ही म्हणतो, राज्यपद्धतीचे नाव वाचून फसू नये.

मताचा अधिकार ही पहिली पायरी, पण तीही निसटते. सिलोनात १९३१ सालीच प्रौढ मताधिकार आला. तेव्हा मुंबईच्या गिरणीतल्या बहुतेकांना मत नव्हते. पण १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने तेथल्या चहामळ्यांतल्या लाखो तामिळ मजुरांना परके ठरवले आणि त्यांचे मत गेले. पाकिस्तानची १९५६ ची घटना १९५८ साली लष्करी कायद्याने गुंडाळली. सर्व प्रौढांच्या मतांची पहिली सार्वत्रिक निवडणूक तेथे १९७० साली झाली आणि तिचा निकालही मानला गेला नाही. पुढचे १९७१ चे रामायण आपणांस ठाऊक आहे.

आपल्या मुलखात पाच अंमलांचा एक अंमल झाला तो कसा? नुसत्या दिल्लीच्या हुकमाने नव्हे. सरहद्दी ओलांडणाऱ्या माणसांनी ही तुलना आधी केली होती. निजामाच्या हद्दीतून निसटलेले कार्यकर्ते इंग्रजी मुलखात तळ ठोकीत, साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या माणसांना औंधच्या हद्दीतले कुंडल आसरा देई, गोव्याचे हद्दपार बेळगाव-मुंबईस जमत. एका कारखान्यातून दुसऱ्यात गेलेला कामगारच सांगू शकतो की तेथे उपाहारगृह आहे आणि येथे का नाही. २६ जानेवारी १९५० ला घटना आली, तिने कोल्हापूरच्या, औंधच्या, बीडच्या माणसाला एकसारखे मत दिले. गोव्याच्या माणसाला ते १९६३ साली मिळाले. आणि १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याला विचारण्यात आले की महाराष्ट्रात यायचे की नाही. गोव्याने सुमारे ३४ हजार मतांच्या फरकाने नाही म्हटले. पुष्कळ महाराष्ट्रीयांस ते रुचले नाही. आम्हांला त्या उत्तरापेक्षा तो प्रश्न मोठा वाटतो. साडेचारशे वर्षांत त्या भूमीतल्या माणसाला असे कोणी विचारलेच नव्हते.

आता आपल्या दाराशी येऊ. ७४ व्या घटनादुरुस्तीने असे सांगितले की नगरपालिकेची मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे ह्या शहराचा कारभार प्रशासकाने केला. कोर्टाची कारणे होती, प्रभागांची होती, आरक्षणाची होती. त्या काळात कामे झालीच नाहीत असे आम्ही म्हणत नाही. कामे कोल्हापुरातही झाली होती. आमचे विचारणे एवढेच की, नळाला पाणी नाही, गटार तुंबले, अशा दिवशी ह्या वस्तीतल्या बाईने कोणाचे दार ठोठवायचे? नगरसेवक नालायक असेल, पण पाच वर्षांनी त्याला आपल्या दाराशी यावे लागते. प्रशासकाला यावे लागत नाही. आणि चार वर्षे हे चालले तरी ह्या शहरात त्यासाठी एक दिवस बंद झाला नाही, ह्याचे आम्हांला अधिक वाईट वाटते. १९३८ च्या कामगाराला मत नव्हते, तरी तो रस्त्यावर आला. आपणांस मत होते आणि आपण वाट पाहत बसलो.

दुसरी गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. पूर्वी संपाची आगाऊ नोटीस सार्वजनिक सेवांच्या धंद्यांत सक्तीची होती. आता सगळ्याच औद्योगिक आस्थापनांत १४ दिवसांची नोटीस लागते. कायदा निवडून आलेल्या संसदेचा आहे, हे खरे. १९३८ चा कायदाही निवडून आलेल्या सभेचाच होता. म्हणून विरोध करायचा तो सभेला नव्हे, त्या कलमाला. आणि तो सभेत, कोर्टात, गेटावर, सगळीकडे करायचा. निवडलेल्या सरकारात आणि सालाझारच्या सरकारात फरक असेल तर तो हाच की येथे हे करता येते. जे करता येते ते न केल्यास फरक कागदावर उरतो.

हिशेबाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्रात २००२ साली आणि देशात २००५ साली आला. आपल्या रस्त्याचे कंत्राट कोणाला, किती रकमेचे, हे आज अर्ज करून विचारता येते. हे निजामाच्या सर्फेखासात कोणाच्या स्वप्नातही आले नसते. भाषेचा प्रश्न मात्र अजून संपलेला नाही. कंत्राटी कामगाराकडून ज्या कागदावर सही घेतात तो पुष्कळदा त्याला वाचताच येत नाही.

जाता जाता एक सांगतो, आणि ते आमच्या स्वतःच्या घरचे आहे. हेच चार प्रश्न युनियनला विचारा. गणपती मंडळाला, सोसायटीला, ह्या व्याख्यानमालेलाही विचारा. सभा वेळेवर होते काय? जमाखर्च वाचून दाखवतात काय, आणि समजेल असा? चिटणीस बदलता येतो काय? जो माणूस आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला जात नाही, त्याने दिल्लीच्या लोकशाहीची काळजी करावी हे आम्हांला पटत नाही. औंधच्या खेडुताने पाच पंचांपासूनच सुरुवात केली होती. आता अध्यक्षांची परवानगी असेल तर श्रोत्यांनी आम्हांलाही प्रश्न विचारावेत. आम्ही येथेच बसलो आहोत.