काळ्या कुत्रीला करडं पिल्लू का होतं?

आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "कुत्री काळी, नर काळा, मग सातातली दोन पिल्लं करडी कशी? घ्यायला आलेला माणूस म्हणतो जात भेसळ आहे, निम्म्या पैशांत देऊन टाका." त्यावर आज बोलू.

लातूर-धाराशिवकडचा उंच पायांचा, बारीक कमरेचा कारवानी कुत्रा आपल्याला नवा नाही. कर्नाटकात मुधोळकडे त्याच वळणाच्या कुत्र्याला मुधोळ हाउंड म्हणतात. २००५ साली टपाल खात्यानं त्याचं तिकीटही काढलं. राखणीला हा कुत्रा चांगला. (सशामागे सोडायचा मात्र नाही, १९७२ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे.) व्यालेल्या कुत्रीचं खाणं-पिणं आपण बघायचं आणि भाव दुसऱ्यानं पाडायचा, हे आम्हाला पटत नाही.

आता दोन वाट्या घ्या. एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत एक तुरीचा दाणा आणि एक हरभऱ्याचा दाणा टाका. तूर म्हणजे रंग गडद ठेवणारा गुण, हरभरा म्हणजे रंग फिका करणारा. डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा उचला. पिल्लाला मिळतात ते हेच दोन दाणे. दोन्हींत एक जरी तूर आली तरी पिल्लू काळं. दोन्ही हरभरे आले तरच करडं. आई-बाप दोघंही काळेच दिसतात, पण पोटात हरभरा लपलेला. चार वेळा उचललं तर साधारण एकदा हरभरा-हरभरा जुळतो. प्रत्येक पिल्लासाठी दाणे नव्यानं उचलायचे, म्हणून एका वेतात दोन करडी निघतील, दुसऱ्यात एकही नाही. अशा पिल्लाचं नाकसुद्धा काळं नसतं, राखाडी असतं.

म्हणजे करडं पिल्लू हा भेसळीचा पुरावा नाही. आणि एक दाणा बापाकडून आल्याशिवाय ते होतच नाही. तरी दोष कुत्रीला! बायांना याचं काय नवल वाटणार.

उलट बाजूही सांगतो. आई-बाप दोघं बदामी आणि पिल्लू कुळकुळीत काळं, असं सहसा होत नाही. तसं झालं तर माजावर असताना कुत्री मोकळी होती का, ते आठवा. एका माजात तिला दोन नर लागले तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं असू शकतात. पण मागच्या माजातल्या नराचा रंग पुढच्या वेतात उतरतो, ही समजूत खोटी.

करड्याला मागणी आली की काहीजण बाप-लेक, भाऊ-बहीण लावतात. तसं करू नका. रंगाचे दाणे जुळतात तसे लपलेले आजारही जुळतात, पिल्लं कमी आणि अशक्त होतात. काही करड्या कुत्र्यांचे केस पुढं विरळ होतात. ती खरूजच असेल असं नाही. घरचं तेल-गंधक लावण्याआधी पशुवैद्याला दाखवा.

बाजारात कधी संगमरवरासारखी डागाळलेली पिल्लं "दुर्मिळ" म्हणून महाग विकतात. तसे नर-मादी एकमेकांना लावले तर काही पिल्लं आंधळी-बहिरी निपजतात. डोकं आणि कान पूर्ण पांढरे असलेल्या पिल्लातही बहिरेपणाचा धोका जास्त. पिल्लू महिन्याभराचं झालं की त्याला भावंडांपासून वेगळं ठेवा, तोंड दुसरीकडे असताना मागून ताटली वाजवा. भावंडं सोबत असली तर त्यांच्याकडे बघूनच ते वळतं आणि आपल्याला वाटतं, याला ऐकू येतं.