चालणे : ज्ञानदान आणि अभयदान

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



जैन परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. यांपैकी पहिल्या दोहोंची परंपरा समाजातील ट्रस्टांनी निष्ठेने जपली आहे. भोजनशाळा उभ्या राहिल्या, दवाखाने निघाले, रक्तशर्करा तपासणीची शिबिरे भरू लागली. शिबिरात डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीबरोबर ‘रोज चालत जा’ असा सल्ला देतात. रुग्ण मान डोलावतो, बाहेर येतो आणि मोटारसायकलला किक मारतो. दोष केवळ त्याचा नाही. का चालायचे हे त्याला कोणी नीट समजावलेले नसते आणि कोठे चालायचे याचे उत्तर तर कोणाजवळच नसते.

वास्तविक या समाजाला चालण्याचे माहात्म्य परके नाही. चातुर्मासाचा काळ सोडला तर साधू-साध्वी सतत विहार करीत असतात आणि वाहन त्यांना वर्ज्य असते. पाच समितींमधील पहिली ईर्यासमिती. पुढची चार हात जमीन न्याहाळीत, जीवजंतूला इजा होणार नाही अशा बेताने पाऊल टाकणे, हा तिचा अर्थ. आचार्य शांतिसागर महाराज १९२७ मध्ये संघासह दक्षिण महाराष्ट्रातून सम्मेदशिखरजीकडे निघाले, ते पायीच. वाटेवरच्या गावांना मुनिदर्शन आणि उपदेश घडला तो या पायी चालण्यामुळे. मुनी ज्ञान पायांनी वाहून नेतात; आणि त्यांच्या प्रवचनाला श्रावक मात्र दोन गल्ल्या ओलांडण्यासाठी मोटार काढतात! चातुर्मासात प्रवचन मंडपाबाहेर लागणारी वाहनांची रांग याला साक्ष आहे.

चालण्याचा आणि आरोग्याचा संबंध शास्त्रीय कसोटीवर प्रथम ठळकपणे सिद्ध झाला तो लंडनच्या दुमजली बसगाड्यांत. जेरी मॉरिस या वैद्यक संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह सुमारे ३१,००० बसकर्मचाऱ्यांची पाहणी केली. चालक दिवसभर आसनावर बसलेला. वाहक तिकिटे देत दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढत-उतरत असलेला. गाडी तीच, रस्ते तेच. तरीही वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा बरेच कमी आढळले. टपाल खात्यातही तेच दिसले. पायी किंवा सायकलवरून पत्रे वाटणारे पोस्टमन हे टेबलाशी बसणाऱ्या सहकाऱ्यांपेक्षा या विकारापासून अधिक सुरक्षित होते. हे निष्कर्ष १९५३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले, हेही जाता जाता नमूद करावयास हवे.

ज्ञान प्रसिद्ध झाले. ते घरोघर पोहोचले असे मात्र म्हणता येत नाही. २०२३ मध्ये प्रकाशित झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचविली. एका वेळी किमान १० मिनिटे तरी श्रम झाले पाहिजेत, ही जुनी अट तिने त्या वेळी काढून टाकली. सामान्य माणसासाठी ही मोठी सोय आहे. पूजेसाठी मंदिरापर्यंत चालण्याची पाच मिनिटे, बाजारातून भाजी आणण्याची सात मिनिटे, मुलांनी पाठशाळेपर्यंत मारलेली सायकल, सर्व काही हिशेबात येते. एवढीशी गोष्ट प्रवचनानंतर दोन मिनिटांत सांगता येईल आणि तीही ज्ञानदानातच मोडेल.

परंतु येथे थांबले तर काम अर्धेच राहते. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. ज्या रस्त्यावर जिवाची शाश्वती नाही, त्या रस्त्यावर ‘चाला’ असे ज्येष्ठांना सांगणे हे ज्ञानदान खरे, पण त्यामागे अभयदान नाही.

अभय देता येते, हे कोलंबियाच्या बोगोटा शहराने दाखविले आहे. १९७४ मध्ये तेथे काही रस्ते थोड्या वेळेपुरते मोटारींना बंद करून सायकलस्वारांना मोकळे करण्यात आले. आज दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ पर्यंत १०० किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते चालणाऱ्यांच्या आणि सायकलस्वारांच्या स्वाधीन असतात. त्यात आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्व असतात. ही कल्पना शहरांनी एकमेकांपासून उचलली. नोव्हेंबर २०१३ मध्ये गुरुग्राममध्ये ‘राहगिरी’ सुरू झाली आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी पुण्याच्या गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्यावर वाहने थांबवून पादचारी दिन साजरा झाला. एक दिवस पुरेसा नाही, हे खरे. पण त्या दिवशी लहान मूल रस्त्याच्या मधोमध निर्धास्त चालू शकते, हे शहराला दिसते. पदपथाचा वापर हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. मंदिरापुढचा पदपथ मागण्यासाठी विश्वस्तांना आता याहून भक्कम आधार नको.

जैन समाजाला तर हा प्रश्न घरचाच आहे. महामार्गाच्या कडेने विहार करणाऱ्या साधू-साध्वींना भरधाव वाहनाने चिरडल्याच्या बातम्या वारंवार येतात. मुंगीला जपून पाऊल टाकणाऱ्या जिवाचा असा अंत व्हावा, याहून मोठी विटंबना कोणती? श्रद्धांजली सभा होतात, मौन पाळले जाते, आणि पुढचा विहार त्याच कडेने सुरू होतो. विहारमार्गावरील ट्रस्टांनी आपापल्या हद्दीतील टप्पा वाटून घेतला, तर पुष्कळ साधेल. जेथे पदपथ नाही तेथे उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे चालणे हितावह असते, हे सोबतच्या स्वयंसेवकांना ठाऊक असले पाहिजे. पहाटेच्या अंधूक प्रकाशात त्यांच्या अंगावर दिव्यात चमकणारी जाकिटे हवीत. आडगावच्या रस्त्यांची माहिती असलेले कार्यकर्ते महामार्ग टाळणारा मार्ग आखू शकतात. तो नकाशा पुढच्या गावच्या ट्रस्टकडे वेळेवर पोहोचला पाहिजे. आणि मंदिराच्या आवारात जेथे चार मोटारी उभ्या राहतात, तेथे त्यांपैकी एकीच्या जागेत आठ-दहा सायकलींचे स्टँड बसते.