पेटीचे खोके
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



मला भजनाच्या पेटीसाठी केलेल्या खोक्याविषयी बोलायला सांगितले आहे. वाजवायची तीही पेटी आणि ठेवायची तीही पेटी म्हटले की घोटाळा होतो, म्हणून मी खोकेच म्हणते.

हार्मोनियम मूळची फ्रान्सची. कलकत्त्याच्या कारागिरांनी तिला मांडी घालून वाजवण्याजोगे रूप दिले. रेडिओने १९४० साली तिला बंदी केली, ती १९७१ साली सैल झाली. भजनातून मात्र तिला कोणी उठवले नाही. तिचा खरा वैरी आपल्या मुळशीचा पाऊस. ताम्हिणीकडून झड लागली की भात्याला बुरशी येते, पट्ट्या फुगून अडकतात, पितळी सूर घोगरे होतात. तीन पावसाळ्यांत दोनदा भाता बदलावा लागला. वर्गणी सगळी तिकडेच गेली. पुन्हा तसे झाले असते तर कार्तिकातली काकड आरती नुसत्या टाळांवर करायची पाळी होती.

मामंजींची करवत आणि रंधा घरात होताच. लाकूड जुने घेतले, आमच्या पडवीच्या काढलेल्या दाराचे साग. नवी फळी पावसात फुगते, उन्हात आकसते; ४० वर्षे वाळलेली तशी खोडी करत नाही. तळ सागाचा, बाजू मात्र हलक्या शिवणीच्या. पेटीच १०-१२ किलोची. सगळे साग लावले असते तर उचलायला पुरुष बोलवावे लागले असते, आणि ते नेमके वेळेवर कुठे असतात!

पेटीभोवती पाऊण इंच जागा सोडून जुन्या घोंगडीचे अस्तर दिले. कसर लागू नये म्हणून कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या. झाकण अर्धा इंच बाहेर काढले, घराच्या वळचणीसारखे. खाली दोन आडव्या पट्ट्या, म्हणजे फरशीची ओल चढत नाही. सांध्यांना सरस आणि स्क्रू, बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन हात, दोन्ही टोकांना दोराच्या मुठी.

कोणी म्हणाले, घट्ट बंद करून ठेवा. तसे मुळीच करू नये. कोंडलेली ओल पावसापेक्षा वाईट. उघाड पडली की पेटी बाहेर काढून अर्धा तास वाजवावी. वारा लागू द्यावा, ऊन नको. चुलीवरच्या माळ्यावर तर ठेवूच नये. ऊब मिळते खरी, पण भाता कडक होतो, फळ्या तडकतात.

आता आषाढ ते आश्विन खोके कोणाच्या घरी राहायचे तेवढे ठरवायचे आहे. आमच्या भिंतींना ओल येते, म्हणून मी हात वर करत नाही. ज्यांचे माजघर कोरडे असते त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे.