अध्यक्षीय भाषण : सरळ प्रश्न, स्वस्त मलम



नेदरलँड्समध्ये काम करणाऱ्या मराठी डॉक्टरांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. आज मी ज्या आजाराबद्दल बोलणार आहे तो रोज आपल्या ओपीडीत येतो आणि तरीही 'वयाचे डाग' म्हणून सोडून दिला जातो. तो आजार म्हणजे ॲक्टिनिक केराटोसिस, उन्हाने झालेली कर्करोगपूर्व इजा.

या ढगाळ देशात उन्हाचा आजार कुठून आला, असे आपले पुण्या-नागपूरचे नातेवाईक विचारतात. त्याचे उत्तर रॉटरडॅमच्या ओमोर्ड वस्तीत मिळते. तिथे 1990 पासून चालू असलेल्या लोकसंख्या-अभ्यासात 45 वर्षांवरील दोन हजारांहून अधिक लोकांची त्वचा तपासली, तेव्हा 49 टक्के पुरुषांमध्ये आणि 28 टक्के स्त्रियांमध्ये हे डाग आढळले. गोऱ्या त्वचेत मेलॅनिन कमी असते. फुलशेती, मासेमारी, बांधकाम आणि दर उन्हाळ्यातला समुद्रकिनारा यांतून मिळालेली अतिनील किरणे पेशींच्या डीएनएवर वर्षानुवर्षे साचत जातात आणि साठीनंतर त्यांचा हिशेब डोक्यावर, कानांवर, हातांच्या पाठीवर उमटतो.

तरुण मित्रांना माझे सांगणे आहे, आधी बोटाने तपासा. टक्कल पडलेल्या डोक्यावरून बोट हलकेच फिरवले की डाग डोळ्यांना दिसण्याआधी हाताला लागतो, पॉलिश पेपरसारखा खरखरीत. एकेका डागाचा कर्करोग होण्याची शक्यता कमी असते आणि काही डाग आपोआप जातातही. पण पुढे कोणता डाग बिघडेल हे आज कोणालाच सांगता येत नाही. बुडाशी घट्ट झालेला, दुखणारा, रक्त येणारा किंवा झपाट्याने वाढणारा डाग असेल, तर मलम लिहून देऊ नका. आधी बायोप्सी करा.

उपचार अनेक आहेत. एक-दोन सुटे डाग असतील, तर उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने ते गोठवणे सोपे. पण सगळे डोकेच डागांनी भरले असेल, तर काय करायचे? फ्लुरोयुरॅसिल, इमिक्विमॉड, प्रकाशोपचार, इंजेनॉल यांपैकी प्रत्येकाची बाजू मांडणारे शोधनिबंध होते, पण चौघांना एका मैदानात उतरवलेले नव्हते.

ते काम मास्ट्रिक्टच्या संशोधकांनी केले. चार डच रुग्णालयांतल्या 624 रुग्णांची चार उपचारांत चिठ्ठीपद्धतीने विभागणी झाली. पैसा सार्वजनिक संशोधन निधीचा होता. 2019 मध्ये निष्कर्ष छापून आले. बारा महिन्यांनंतर किमान तीन चतुर्थांश डाग गेलेले असणे, ही यशाची कसोटी होती. फ्लुरोयुरॅसिलला 74.7 टक्के, इमिक्विमॉडला 53.9, प्रकाशोपचाराला 37.7 आणि इंजेनॉलला 28.9 टक्के यश मिळाले. पहिला आलेला रेणू 1957 सालचा आहे आणि खर्चही त्याचाच सर्वांत कमी. शेवटी राहिलेले इंजेनॉल पुढच्याच वर्षी, त्वचेच्या कर्करोगाच्या शंकेमुळे, युरोपच्या बाजारातून गेले. एक सरळ प्रश्न प्रामाणिकपणे विचारला की रुग्णाचा आणि समाजाचा केवढा लाभ होतो, याचा हा वस्तुपाठ आहे.

मात्र फ्लुरोयुरॅसिलचे हे मलम सोपे नाही. ते दिवसातून दोनदा, चार आठवडे लावायचे असते. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास चेहरा लालबुंद होतो, आग होते, खपल्या धरतात. बिघडलेल्या पेशींचे डीएनए बनणे थांबते आणि त्या मरतात, म्हणून हे होते. ज्याला हे आधी कोणी सांगितलेले नसते तो रुग्ण घाबरून ट्यूब कचऱ्यात टाकतो आणि औषधाला अपयश येते. म्हणून पाच मिनिटे द्या. आधीच्या रुग्णांचे फोटो दाखवा. लावल्यावर हात धुवा, डोळ्यांपासून जपा, गरोदरपणात वापरू नका, हे सांगा. घरात कुत्रा असेल तर ट्यूब त्याच्यापासून दूर ठेवायला सांगा, कारण हे मलम पोटात गेल्यास कुत्रा दगावू शकतो. पुढे रुग्ण पुन्हा तपासणीला आला पाहिजे, हेही सांगा. डाग गेले तरी उन्हाने पोळलेली त्वचा तीच असते.

आता महाराष्ट्राकडे वळते. आपल्या सावळ्या त्वचेत हा आजार विरळा, म्हणून तो अभ्यासक्रमात दोन ओळींत उरकला जातो. पण अल्बिनिझम असलेली आपली मुले-माणसे महाराष्ट्राच्याच उन्हात शाळेला जातात, शेतात राबतात. मेलॅनिनचे कवच नसल्यामुळे त्यांना हे डाग आणि पुढचा कर्करोग तरुणपणीच गाठू शकतो. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांचाही धोका वाढतो, विशेषतः त्वचा उजळ असेल तर. डच रुग्णांच्या डोक्यावरचे आकडे या लोकांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. त्यांच्यासाठीचे प्रश्न आपल्यालाच विचारावे लागतील.

म्हणून या व्यासपीठावरून मी तीन गोष्टी मागते. अल्बिनिझम असलेल्या प्रत्येक मुलाला टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, सनस्क्रीन आणि वर्गात खिडकीपासून दूरची जागा मिळावी. त्यांची त्वचा वर्षातून एकदा तरी जाणत्या हातांनी तपासली जावी. आणि फ्लुरोयुरॅसिलच्या मलमाची पूर्ण माहिती सोप्या मराठीत, फोटोंसह, एका पानावर तयार व्हावी. शेवटचे काम आपल्या हातात आहे. मसुदा मी लिहिते, दुरुस्त्या आपण करा आणि आपापल्या ओळखीच्या रुग्णालयांपर्यंत तो पोहोचवा. हा आजार वेळीच ओळखला तर टाळता येण्यासारखा कर्करोग टळतो. तो टाळणे आपले कर्तव्य आहे.