काम घरी आले, नियम कुठे राहिले?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलायचे, ही आपल्याकडची रीत. माझ्यासारख्या युनियनच्या कार्यकर्त्याला येथे उभे केले, याचा अर्थ मी असा घेतो की आज आपल्याला विद्वत्तेपेक्षा व्यवहार ऐकायचा आहे. माझे शाळेतले शिक्षण बेताचेच झाले. कायदा वाचायला शिकलो तो कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता. तेव्हा पुस्तकी भाषेची अपेक्षा आपण ठेवू नये. चाळीस मिनिटांत एकच गोष्ट सांगण्याचा माझा विचार आहे, आणि ती तुमच्याआमच्या घरातली आहे.

तानसेचे धरण १८९२ साली पुरे झाले. तेव्हापासून आपल्या मुलखाचा आणि मुंबईचा व्यवहार ठरून गेला आहे. पाणी नळातून खाली जाते आणि माणसे गाडीतून खाली जातात. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्टेशनांवर पहाटेच्या अंधारात उभी असलेली माणसे आपल्याला नवीन नाहीत. मुरबाडकरांना तर रेल्वेच नाही. त्यांना आधी कल्याण गाठावे लागते, मग मुंबई. जाऊन येऊन चार-पाच तास प्रवासात घालवणारी पिढ्यान्‌पिढ्यांची माणसे येथे बसलेली आहेत.

मार्च २०२० मध्ये प्रथमच उलटे घडले. टाळेबंदी आली, लोकल बंद झाल्या. सर्वसाधारण प्रवाशाला वेळेच्या बंधनाशिवाय त्या पुन्हा खुल्या व्हायला, तेही लशीचे दोन डोस झालेल्यांना, १५ ऑगस्ट २०२१ उजाडला. त्या काळात माणूस गावीच राहिला आणि मुंबईचे काम त्याच्या ओटीवर आले. कोणी माळ्यावर टेबल मांडले, कोणी रेंज मिळते म्हणून देवळाच्या पारावर जाऊन बसले. पाऊस सुरू झाला की वीज जाई. वीज गेली की काम थांबे, आणि काम थांबले की साहेबाचा फोन येई. तरीही पुष्कळांना ते बरे वाटले. म्हातारे आईवडील समोर होते, प्रवासाचे तास वाचत होते, आणि दोन वेळचे गरम जेवण मिळत होते. हे सुख खोटे होते असे मी म्हणणार नाही. गाडीत लोंबकळून आयुष्य काढलेल्या माणसाला घरी बसून काम मिळाले, तर ते मागण्याचा त्याला पुरा अधिकार आहे.

पण प्रश्न असा आहे की, काम घरी आले तेव्हा कामाचे नियम त्याच्याबरोबर आले काय?

लोक म्हणतात, ही नव्या युगाची गोष्ट आहे, तिला जुने कायदे कसे लावणार? मी म्हणतो, ही गोष्ट मुळीच नवी नाही. महाराष्ट्राने घरून काम शंभर वर्षे पाहिले आहे. संगणकापुढे बसलेल्या मुलाला ते ठाऊक नसेल, पण सिन्नरच्या, संगमनेरच्या, सोलापूरच्या विडी कामगार बाईला विचारा. ती कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा घेऊन घरी येते. पाने भिजवते, कापते, वळते, बांधते, आणि दुसऱ्या दिवशी मोजून देऊन येते. हजार विड्यांमागे दर ठरलेला. मालक तिच्या घरी येत नाही, मुकादम तिच्या डोक्यावर उभा नसतो. वरवर पाहता किती स्वातंत्र्य! केव्हा बसावे, केव्हा उठावे, तिचे तिने ठरवावे.

आता या स्वातंत्र्याची किंमत पाहा. घराचे भाडे तिचे, दिव्याचा खर्च तिचा. तंबाखूची धूळ तिच्या स्वयंपाकघरात. हजाराचा आकडा भरला नाही की लेकरे हाताशी घ्यायची. पाने सडकी मिळाली तर तोटा तिचा. विड्या वाईट म्हणून बाजूला काढल्या, म्हणजे ज्याला छाट म्हणतात ती निघाली, तर तेवढी मजुरी गेली. आणि मालक काय म्हणे? ‘ही माझी कामगारच नव्हे. ही कंत्राटदाराकडून माल नेते. हिचे घर म्हणजे माझा कारखाना नव्हे.’

हे आपोआप झाले नव्हते. १९४८ चा कारखाना कायदा आला. त्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा आणि विजेवाचून चालणाऱ्या ठिकाणी वीस माणसे असली की कायदा लागू. तेव्हा विडीच्या मालकांनी मोठे कारखाने मोडून लहान लहान तुकडे केले आणि कायद्यातून अंग काढून घेतले. हे मी युनियनवाला म्हणून सांगत नाही. १९६६ साली संसदेने विडी आणि सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा केला, तेव्हा त्याच्या उद्देशांत सरकारनेच हे कारण लिहिले.

त्या १९६६ च्या कायद्याने एक मोठी गोष्ट केली. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला त्याने ‘कर्मचारी’ म्हटले. मध्ये कंत्राटदार असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही, असे ठरवले. कच्चा माल किती दिला, किती विड्या छाट म्हणून काढल्या, त्यांची मजुरी द्यायची की नाही, हे तंटे नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे नेण्याची वाट करून दिली. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ साली न्यायालयाने कायदा कायम ठेवला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७३ साली, शिंप्यांच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले होते की नगावर मजुरी मिळते आणि काही काम घरी नेतो, एवढ्याने माणूस कामगार असण्याचे थांबत नाही.

सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी या ओळखीच्या बळावर काय केले, ते आपल्या जिल्ह्याने तर विसरू नये. त्यांच्या संघटनेने कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे दिली गेली. वसाहतीला नाव दिले गोदूताई परुळेकरांचे, ज्यांनी १९४५ पासून आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांना वेठीविरुद्ध उभे केले. घरोघर विखुरलेल्या बायका, एकीला दुसरीचा दर ठाऊक नाही, त्या एकत्र आल्या तेव्हाच हे झाले.

तात्पर्य हे की काम मालकाच्या फायद्यासाठी होत असेल, तर मालकाची जबाबदारी त्या कामाच्या मागे मागे घरापर्यंत जाते. हे तत्त्व विडी वळणाऱ्या बाईने मिळवून दिले. संगणकवाल्या मुलामुलींनी ते आपले म्हणून हाती घ्यावे, एवढेच माझे मागणे.

आता प्रत्यक्ष नियमांकडे येऊ. घरून काम म्हटले की पाच प्रश्न उठतात.

पहिला वेळेचा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुट्टीची मागणी मांडली, आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. गिरणीचा भोंगा वाजला की दिवस संपला, हे त्या लढ्याचे फळ. घरी भोंगा नाही. रात्री दहाला निरोप येतो, ‘जरा एवढे पाहता का?’ आणि तो ‘जरा’ बाराला संपतो. फ्रान्सने २०१७ पासून पन्नास किंवा अधिक माणसांच्या कंपन्यांना, कामाच्या वेळेनंतर फोन न घेण्याच्या हक्काविषयी कामगारांशी बोलणी करणे भाग पाडले. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात लोकसभेत असे खाजगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही.

दुसरा खर्चाचा. वीज, इंटरनेट, खुर्ची, बिघडलेले यंत्र, हे कोणाचे? कचेरी बंद करून भाडे वाचवायचे आणि तो भार कामगाराच्या घरावर टाकायचा, याला बचत म्हणत नाहीत. हा खर्च फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात ढकलणे आहे.

तिसरा अपघाताचा. राज्य विमा कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघात, कामाशी संबंध दिसला तर, कामावरचा अपघात मानला जाऊ लागला. छान झाले. पण ज्याची वाटच उरली नाही त्याचे काय? कामाच्या तासात, कामाच्या यंत्राचा शॉक बसला, तर तो घरचा की कामावरचा? हे आधी लिहून ठेवले नाही, तर नंतर विधवेला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात.

चौथा मापाचा. विडीला मोजणी होती. निदान हजार म्हणजे हजार. कचेरीच्या कामाचे माप काय? काही ठिकाणी कामगाराच्या पडद्याची चित्रे घेतात, बोटे किती वेळ थांबली ते मोजतात. मुकादम गेला आणि यंत्र आले. पाहायचे तर काम पाहा, माणसाच्या घरात डोकावू नका.

पाचवा बढतीचा. यावर एक चांगला प्रयोग झालेला आहे. चीनमध्ये सीट्रिप नावाची प्रवासाची व्यवस्था करणारी कंपनी आहे. २०१० च्या अखेरीस तिने आपल्या फोनवर काम करणाऱ्यांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून घरी बसवले आणि नऊ महिने हिशेब ठेवला. घरच्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. मालक खूश! पण त्या वाढीतला मोठा भाग अधिक मिनिटे काम केल्यामुळे आलेला होता. आणि सारखेच चांगले काम करूनही घरच्यांना बढती कमी मिळाली. डोळ्यांआड असलेला माणूस साहेबाच्या मनातूनही उतरतो. म्हणून प्रयोगानंतर मोकळीक मिळताच निम्म्याच्या आसपास माणसे आपण होऊन कचेरीत परत आली.

येथे व्यापारी, उद्योजक मंडळी बसलेली आहेत. त्यांच्याही अडचणी खऱ्या आहेत आणि त्या मी हसण्यावारी नेत नाही. नवा पोरगा काम शिकतो तो शेजारच्या जुन्या माणसाकडे पाहून. घरी तो कोणाकडे पाहणार? गिऱ्हाइकाची गुपिते घरच्या यंत्रावर किती सुरक्षित? दहा माणसे दहा गावी, तर एकमत कसे करायचे? या अडचणींना उत्तर आहे, पण ते पाळत ठेवण्यात नाही. आठवड्यातले ठरलेले दिवस एकत्र या, बाकीचे घरी काढा. नवख्याला पहिले काही महिने कचेरीतच ठेवा. कामाचे यंत्र तुमचे द्या, म्हणजे गुपितेही तुमच्या कुलपात राहतील. आणि हे सारे तोंडी ठेवू नका. तोंडी नियम साहेबाच्या मर्जीबरोबर बदलतो. मग एकाला सवलत मिळते, दुसऱ्याला नोटीस, आणि तंट्यात दोघांचाही वेळ जातो. लिखित नियमाने मालकाचीही झोप शाबूत राहते.

कायदा काय म्हणतो? २०१७ च्या प्रसूती लाभ कायद्याच्या दुरुस्तीत, काम तसे असेल तर रजेनंतर आईने मालकाशी ठरवून घरून काम करावे, अशी सोय आहे. ३१ डिसेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने सेवाक्षेत्रासाठी जे नमुना स्थायी आदेश मसुदा म्हणून काढले, त्यांत घरून कामाचा उल्लेख आला. पण परस्पर ठरवा, यापलीकडे खोलात कोणी गेले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. १९६६ चा विडी कायदा आणि १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा, दोन्ही त्यांत विलीन झाले. नव्या संहितेत स्थायी आदेशांचे प्रकरण ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे. आपल्या तालुक्यांतली किती आस्थापने त्यात बसतील, तुम्हीच मोजा. सामाजिक सुरक्षा संहितेत ‘घरी काम करणारा कामगार’ याची व्याख्या आहे. ही चांगली गोष्ट, पण त्याला गणले आहे ते असंघटितांत. उद्या कोणी चतुर मालक पगारी कारकुनाला म्हणेल, ‘तू आता घरी बसतोस ना? मग तू कर्मचारी नव्हेस, नगावर पैसे घेणारा.’ विडीची गोष्ट मी एवढी लांबवली ती या भीतीपोटी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ सालीच ठराव क्रमांक १७७ करून सांगितले की घरच्या कामगाराला इतर पगारदारांसारखीच वागणूक द्या. त्यासाठी इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संस्थेने जगभर खटपट केली. भारताने अजून त्यावर सही केलेली नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर मी युनियनचा माणूस कसला? मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर उभा असलेला, दवाखान्यातली परिचारिका, धरणाची दारे आणि जलवाहिनी सांभाळणारा, यांना घर नावाची सोय कधीच मिळणार नाही. ते टाळेबंदीतही कामावर गेले. मुंबईला पाणी मिळाले म्हणून तर घरी बसलेल्यांचे हात धुऊन झाले. तेव्हा घरून काम करणाऱ्याने आपल्या हक्कासाठी भांडताना यांना परके मानू नये. दोघांचा करार वेगळा असेल, पण गरज एकच आहे. कामाचे तास मोजलेले हवेत, अपघाताची भरपाई हवी, आणि नियम लिहिलेले हवेत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. कायदा ३०० च्या खाली सक्ती करीत नसेल तर न करो. पाच माणसांची कचेरी असली तरी मालकाने आणि कामगारांनी एकत्र बसून एक पान लिहावे. त्यावर कामाची वेळ, खर्च, अपघात, कामाचे माप आणि बढती अशा पाच ओळी. खाली दोघांच्या सह्या. त्याची एक प्रत कामगाराच्या घरी, जेथे तो काम करतो त्या भिंतीवर लावावी. आणि जे घरोघर विखुरले आहेत त्यांनी महिन्यातून एकदा तरी, आसनगाव स्टेशनाबाहेर चहाला का होईना, एकत्र यावे आणि एकमेकांचे पान ताडून पाहावे. सोलापूरच्या बायकांची सुरुवात याहून मोठी नव्हती.

 प्रश्न असतील ते जरूर विचारा. कामगारांचे असोत की मालकांचे.