भोंगे निम्मे, आवाज निम्मा का नाही?

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभासदांसमोर केलेले भाषण)

बिलासपूरला बदलून आल्यापासून मी या स्टेजच्या मागे वायरी सांभाळत आलो आहे. यंदा अध्यक्षांनी पुढे ढकलले, त्याला कारण मागच्या वर्षीचा भोंग्यांचा प्रसंग.

समोरच्या ब्लॉकमधले काका बायपास होऊन नुकतेच घरी आले होते. त्यांच्या मुलाने येऊन, हात जोडून, आवाज कमी करायला सांगितले. आपण लगेच चारांपैकी दोन भोंगे बंद केले. आवाज निम्मा झाला म्हणून सगळे निर्धास्त. अर्ध्या तासाने मुलगा परत आला, "काही फरक नाही हो!" आपल्यातल्या काहींना राग आला. मी घरून ध्वनिमापक आणला आणि कुंपणापाशी धरला. चारही भोंगे लावले तेव्हा ७८ डेसिबल, दोन लावले तेव्हा ७५. "तुमचा मीटर बिघडलाय," असे म्हणणारे इथेच बसले आहेत, नाव घेत नाही!

मीटर ठीक होता, आणि तो मुलगाही खरेच बोलत होता.

डेसिबल हे किलो किंवा लिटरसारखे माप नाही. एक शक्ती दुसरीच्या किती पट, ते काढायचे, त्याचा लॉग घ्यायचा आणि दहाने गुणायचे. शाळेतली लॉगची पुस्तिका आठवा : दोनाचा लॉग ०.३०१०. म्हणजे शक्ती दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात, निम्मी झाली की ३ कमी होतात. दहापट म्हणजे १०, शंभरपट म्हणजे २०. निम्मे भोंगे बंद केल्यावर ७८ चे ७५ झाले, ते असे. ३ डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात.

इतका द्राविडी प्राणायाम कशासाठी? तर गुणाकाराची बेरीज होते म्हणून. आमच्या टेलिकॉममध्ये १ मिलिवॉट म्हणजे शून्य डीबीएम धरतात. फायबरमध्ये तेवढा प्रकाश सोडला आणि किलोमीटरमागे ०.३५ डेसिबल घट धरली, तर ४० किलोमीटरवर १४ डेसिबल गेले. पलीकडे उणे १४ डीबीएम, म्हणजे सुमारे ०.०४ मिलिवॉट. जॉइंटची घट त्यात आणखी वजा करायची. किराणा दुकानातला हिशेबच म्हणा ना.

पण या हिशेबात मी स्वतः आपटलो आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी केबलच्या एका टोकाला ०.७७५ व्होल्टचा टोन दिला, दुसऱ्या टोकाला जवळपास निम्मे व्होल्ट मिळाले. डिप्लोमा ताजा होता. निम्मे म्हणजे ३ डेसिबल, असे ठोकून दिले. लेव्हल मीटर मात्र उणे ६ दाखवत होता. मग जादा ३ डेसिबल कुठे गेले म्हणून रात्रभर खलाशांना घेऊन केबलचे जॉइंट उघडत बसलो. पहाटे एका जुन्या मेकॅनिकने विचारले, "साहेब, व्होल्ट मोजले की वॉट?" व्होल्ट निम्मे झाले की शक्ती चौथाई होते, म्हणून व्होल्टसाठी दहाऐवजी विसाने गुणायचे. केबल धडधाकट होती. खलाशांची झोप मात्र माझ्यामुळे गेली.

आता आपल्या मांडवाचे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. लाउडस्पीकर असेल तर जागेच्या हद्दीवर त्या मर्यादेपेक्षा फार तर १० जास्त, किंवा ७५, यातले जे कमी असेल ते. म्हणजे आपल्याला दिवसा ६५. रात्री १० नंतर उघड्यावर बंदच. सरकारने खास सवलत दिलेले दिवस सोडून.

७८ वरून ६५ म्हणजे १३ उतरवायचे. तेरा म्हणजे दहा आणि तीन : दहावा हिस्सा, आणि त्याचा निम्मा. शक्ती विसाव्या हिश्श्यावर आणायची! हा आकडा ऐकून कार्यकारिणीत गलका झाला, "मग ऐकू काय येणार?" पण कानाला तो आवाज निम्म्याहून थोडाच कमी वाटतो. यंदा दोनच भोंगे ठेवले आणि कुंपणापाशी मीटर धरून ६५ येईपर्यंत व्हॉल्यूम उतरवला. झांजांना मात्र व्हॉल्यूमचे बटण नसते, तिथे तुमचे हात आवरा.

काका काल भेटले. म्हणाले, "खिडकी उघडी ठेवली होती, अथर्वशीर्ष नीट ऐकू आलं." मीटर माझ्या पिशवीत आहे. आरतीनंतर ज्यांना स्वतः मोजून पाहायचे असेल, त्यांनी कुंपणापाशी यावे; मागच्या वर्षी ज्यांना तो बिघडलेला वाटला, त्यांनी आधी.