गेम चालला म्हणजे नेमकं काय झालं?



ग्रुपवर माझ्या नावापुढं "गेम बनवते" असं आलं, तेव्हापासून मला दोनच प्रश्न येतायत. "पब्जीसारखा का गं?" आणि "पैसे किती सुटले?" दोन्ही रास्त आहेत.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मी करते त्याला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. पडद्यावर चित्र, त्यात पात्रं, खाली मजकूर. बोट लावलं की पुढचं वाक्य. मारामारी नाही, पळापळ नाही. मधेच गोष्ट थांबते आणि विचारते, आता काय करायचं? तुम्ही निवडाल तशी ती वळते. सिंधुदुर्गात पिंगुळीची ठाकर मंडळी चित्रकथीची पोथी समोर धरून एकेक चित्र दाखवत कथा सांगतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती ही परंपरा जपल्याबद्दल. आणि लांब कशाला, आपल्या अंबाजोगाईला दासोपंतांनी पंचीकरण लिहिलं ते चाळीस फूट लांब नि चार फूट रुंद पासोडीवर. पुस्तकाबाहेर पडून वाचायची सवय आपल्याला जुनीच आहे. निवड वाचणाऱ्याच्या हातात, एवढंच नवं.

दुसरा प्रश्न अवघड. स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानात गेम ठेवायला शंभर डॉलर भरावे लागतात, आणि विक्रीतले साधारण तीस टक्के दुकान कापून घेतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीनं 'राजी' हा गेम केला (तो मारधाडीचा आहे, माझ्या प्रकारचा नाही). २०१७ साली त्यांनी इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली, ती उद्दिष्टापर्यंत पोचली नाही. तरी २०२० साली गेम आला आणि 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पहिल्या कलाकृतीच्या पुरस्कारासाठी नामांकन मिळालं. बक्षीस दुसऱ्याच गेमला गेलं. आता याला यश म्हणायचं की नाही?

दुसरं उदाहरण जपानचं. रयुकिशी ०७ या टोपणनावाच्या माणसानं सरकारी नोकरी सांभाळून 'हिगुराशी' ही कथामालिका लिहिली. चित्रं स्वतःच काढली, आणि खरं सांगते, ती फार चांगली नव्हती. हात तर बघवत नाहीत. २००२ पासून टोकियोच्या हौशी लेखकांच्या जत्रेत तो एकेक भाग विकायला मांडत गेला. पुढं त्यावर मालिका निघाल्या. लोक गोष्टीसाठी थांबले. कॅनडातल्या तमिळ कुटुंबावरचा, स्वयंपाकातून गोष्ट सांगणारा 'वेण्बा' हा गेम तर एका बैठकीत संपतो. त्याला २०२४ साली बाफ्टा मिळालं.

आता माझं. आपल्या वर्गात दिवाळीनंतर काही नावांपुढं सलग गैरहजेरी लागायची, आठवतंय ना? माझा गेम त्या रिकाम्या बाकांचा आहे. नववीतली मुलगी, आईबापानं उचल घेतलेली, दाराशी मुकादमाचा ट्रक उभा. तिनं टोळीबरोबर जायचं, आजीजवळ राहायचं की हंगामी वसतिगृहात?

लिहिताना यात एक गंमत आहे. तीन ठिकाणी दोन-दोन वाटा दिल्या की आठ गोष्टी होतात. वाचणारा त्यातली एक वाचतो नि फोन ठेवून देतो. म्हणजे लिहिलेलं बरंचसं कुणी बघतच नाही. म्हणून किती जणांनी गेम उतरवून घेतला, हा आकडा मला फारसं काही सांगत नाही. माझा चारशेच्या आसपास जणांनी घेतला. शेवटपर्यंत किती गेले, आणि त्यातले किती मागं येऊन दुसऱ्या वाटेनं गेले, हे मी बघते.

गेम करण्याआधी मी एका ठिकाणी पैसे मागायला गेले होते. त्यांची अट होती की एका शेवटात मुलगी कलेक्टर झाली पाहिजे, म्हणजे खेळणाऱ्याला जिंकल्यासारखं वाटेल. मी नाही म्हटलं. कलेक्टर होणाऱ्या मुली आहेत, त्यांचा मला अभिमानच आहे. पण तो शेवट ठेवला, की फडावर गेलेली मुलगी आपोआप हरलेली ठरते. ती हरलेली नाही, हे इथं बसलेल्या निम्म्या लोकांना मी कशाला सांगू? पैसे मिळाले नाहीत, काम नोकरी करून रात्री झालं, दोन वर्षं लागली.

मग तो मी आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीच्या हातात दिला. तिनं बारा हंगाम ऊस तोडलाय. तिच्या आईला वाचता येत नाही, म्हणून ही मोठ्यानं वाचत होती आणि आई सांगेल तिथं बोट लावत होती. आईनं पहिल्यांदा पोरीला टोळीबरोबर नेलं. कोपी, पाचट, पहाटेची थंडी, सगळं झालं, पट्टा पडला, गोष्ट संपली. म्हातारी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माघारी घे. हिला आजीपाशी ठिव." दुसऱ्यांदा मुलगी राहिली आणि आई एकटी गेली, तेव्हा म्हणाली, "हे बी अवघडच हाय गं." आणि लेकीकडं बघून विचारलं, "तवा तुला ऱ्हायचं होतं का?" वीस-पंचवीस वर्षांत हा प्रश्न त्या घरात कुणी विचारला नव्हता, असं मैत्रीण नंतर म्हणाली. तिनं काय उत्तर दिलं ते तिचं आहे, मी सांगणार नाही.

तर पैसे किती सुटले? गेम फुकट ठेवलाय, त्यामुळं काहीच नाही. तरी तो चालला, असं मी धरते.

दुसरा भाग सुरू केलाय. त्यात कर्नाटकातल्या कारखान्याचा हंगाम येतो. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना पाय कसा टाकतात, ते चित्रात अजून नीट उतरत नाहीये. ज्यांनी ते केलंय त्यांनी जेवणानंतर मला दहा मिनिटं द्यावीत, मी वही आणलीय. आणि मराठीच्या बाईंनी शुद्धलेखन तपासायचं कबूल केलंय, हे इथं सगळ्यांदेखत सांगून ठेवते.